फुजीने दार का उघडलं नाही

त्सुकुबा,
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद. शमाला गोड पापा.

पाकीट बघून हसशील. सुचेताही हसली. म्हणाली, "आई, इथून इचिकावाला माणूस दीड तासात पोचतो आणि तू सुनेला पोस्टाने पत्र पाठवतेस?" अगं, फोनवर माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. तू काहीतरी म्हणतेस, मागून पार्थ काहीतरी बोलतो, आणि मी आपली "बरं, बरं" म्हणून फोन ठेवते. मेसेज केला तर तो घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर. पत्रात माणूस एकटा सापडतो. मला तू एकटी हवी होतीस.

आधी गंमत सांगते. शेजारच्या ओगावा-सान माहीत आहेत ना? ऐंशीच्या पुढे गेलेल्या, माझ्याहून ताठ चालणाऱ्या. त्यांच्या दिराची भातशेती त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्यांनी मूठभर लोंब्या आणून दिल्या. माझ्या माहेरी, संगमेश्वराकडे, दसऱ्याला दाराला नवं बांधायचे. भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू. इथे आंबा कुठला? पर्सिमनचं पान घेतलं आणि बांधलं फ्लॅटच्या दाराला. दुसऱ्या दिवशी लोंबी गायब आणि दारावर चिठ्ठी. सुचेताच्या नयनाने वाचून दाखवली: दारावर कचरा टांगू नये, जळाऊ कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. खाली दोनदा माफी मागितलेली. बघ, देव उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच जळाऊ कचऱ्यात गेला.

आता मुद्द्याचं. नऊ डिसेंबरला नयना सात वर्षांची होते. नियम तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल. सुचेतासारख्या शास्त्रज्ञांच्या घरात सात वर्षांखालचं मूल असेल, तर ते सांभाळायला आजीला इथे राहता येतं. मूल सात वर्षांचं झालं की आजीचं काम संपलं. अपवाद करतात का ते सुचेताने वकिलाला विचारलं. तो म्हणे फार वेळ वाकून उभा राहिला. इथे माणूस जितका जास्त वाकतो तितकं उत्तर वाईट.

पुण्याचं घर हे गेल्यावर विकलं. परत जायचं तर कुठे, हे मलाच ठाऊक नाही. शमा अडीच वर्षांची आहे आणि पार्थचाही व्हिसा सुचेतासारखाच आहे. मी जूनमध्ये त्याला विचारलं होतं. "तू काळजी करू नकोस," म्हणाला. नाही केली. पण आता ऑक्टोबर आला. आणि मुलाने कितीही म्हटलं तरी घर सुनेचं असतं. म्हणून तुलाच विचारते. तुमच्याकडे माझी सोय होईल का? एक कोपरा पुरे. नाही असेल तर नाही लिही. नाही ऐकायला यंत्र लागत नाही.

तेवीस नोव्हेंबरला सुट्टी असते. तो नव्या भाताचा सण, असं ओगावा-सान म्हणतात. त्यांच्याकडचा नवा तांदूळ मिळणार आहे. तिघं जेवायला या.

तुझी,
आई


इचिकावा,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
सा. न.

गाडीत बसायला जागा मिळाली, तोयोसु स्टेशन येईपर्यंत लिहिते. अक्षर हललं तर गाडीला बोल लावा.

लोंबीचं वाचून इतकी हसले की शेजारचा माणूस थोडा सरकून बसला. पण आई, तेवीस नोव्हेंबर भाताचा सण नाही हो. 'श्रमाबद्दल आभार' असा दिवस आहे. आमच्या ऑफिसातल्या तानाका-सानना विचारलं. म्हणाले, "केतकी-सान, तो झोपायचा दिवस." यंदा रविवारी येतोय म्हणून सोमवारी सुट्टी. पण पुण्याच्या टीमला सुट्टी नाही, तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसणारच. आभार कोणी कोणाचे मानायचे, ते कुठल्या मीटिंगमध्ये अजून ठरलेलं नाही.

शमा आता बाल्कनीतून फुजी दिसला की त्याला हात जोडते. मी शिकवलेलं नाही. पाळणाघरात वाकायला शिकवतात, ते आणि तुम्ही शिकवलेलं जयजय, दोन्ही एकत्र झालंय.

पार्थ बरा आहे. काम फार. बाकी सविस्तर भेटल्यावर.

तुमची,
केतकी


त्सुकुबा,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद.

सविस्तर भेटल्यावर म्हणालीस, ठीक. पण सण नाही म्हणालीस ते काही माझ्या गळी उतरेना. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर आणि वाचनालयात. इथल्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांत अवघड अक्षरांशेजारी सोपी अक्षरं छापतात. ती मी लावते, अडलं की ओगावा-सानकडे जाते. त्या जपानीत सांगतात, मी मराठीत मान डोलावते, आणि आमचं बरं चाललं आहे.

तर ऐक. सण आहे आणि हजाराहून जास्त वर्षांचा आहे. राजा नवा तांदूळ देवापुढे ठेवायचा आणि मग देवाबरोबर बसून स्वतः खायचा. त्याआधी नवा दाणा तोंडात घालायचा नाही. ओगावा-सानच्या सासूबाई घरात नव्या तांदळाची पोती आलेली असताना जुनाच शिजवायला लावायच्या. "आता ऑगस्टातच सुपरमार्केटमध्ये येतो," त्या म्हणाल्या, "देवाला शिळंच मिळतं."

पूर्वी आपल्यासारखाच तिथीचा सण होता. अकराव्या महिन्यातला सशाचा दिवस; तेव्हा इथे दिवसांना प्राण्यांची नावं असत. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजी कॅलेंडर घेतलं, त्या वर्षी ससा तेवीस नोव्हेंबरला येऊन बसला, तो कायमचा तिथेच खुंटीला बांधला. पुढे युद्ध हरले. जिंकलेल्यांना सरकारी सुट्टीत देव नको होता. अठ्ठेचाळीस साली कायदा झाला. दिवस तोच, सुट्टी तीच, नाव निराळं. श्रमाला मान द्या, पिकलं-बनलं त्याचा आनंद करा, एकमेकांचे आभार माना. भात गेला, देव गेला. वरात निघाली आणि नवरदेव घरीच राहिला. राजवाड्यात मात्र राजा त्या संध्याकाळी अजूनही आत जाऊन तेच करतो, आणि बाहेर तुमचे तानाका-सान झोपलेले असतात.

आता या भागातली एक जुनी गोष्ट. सगळ्या देवांचा वडीलधारा एक देव मुलाबाळांना भेटत हिंडत होता. चालत चालत फुजीकडे पोचला तेव्हा अंधारलं. म्हणाला, रात्रीपुरतं राहू दे. तो नेमका नव्याचा दिवस. तेव्हा नवं राळ्याचंही करत. फुजी म्हणाला, "आज घरात व्रत आहे, बाहेरच्याला आत घेता येत नाही." म्हातारा म्हणाला, "अरे, मी तुझा बाप." तरी नाही. मग तो तसाच चालत त्सुकुबाला आला. त्सुकुबा म्हणाला, "आज व्रत आहे खरं, पण तुम्हाला कसं परत पाठवू?" पाय धुतले, जेवायला वाढलं. म्हणून त्सुकुबावर बारा महिने माणसं चढतात, खातात-पितात, गातात. आणि फुजीला शाप मिळाला. बर्फ पडत राहील, कुणी वर येणार नाही, कुणी नैवेद्य ठेवणार नाही.

तुझ्या बाल्कनीतून रोज दिसतो तो हा.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुझ्या पत्रात सापडलं नाही. पान निसटलं असेल.

तुझी,
आई


इचिकावा,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आईंस,
सा. न.

लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं. तुम्ही तर डोंगराला बोललात.

दहा दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. आधी राग आला. मी काय दार लावून बसलेय का, असं वाटलं. मग पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की तुम्हाला काही माहीतच नाही.

आई, नियमात आणखी एक ओळ आहे. आजी-आजोबा एकाच बाजूचे आणता येतात. नवऱ्याकडचे किंवा बायकोकडचे. आम्ही माझ्या आईचा अर्ज जूनमध्ये केला. ती मिरजेत एकटी आहे. दादा कॅनडात. बाबा गेल्यापासून ती दोनदा न्हाणीघरात पडली, दुसऱ्या वेळी दूधवाल्याने दार ठोठावलं म्हणून कळलं. तिचा व्हिसा आलाय. तीस तारखेला येतेय.

हे तुमच्या संमतीने चाललंय असं मी समजत होते. पार्थ म्हणाला होता, "आईशी बोललो. तिला इथे करमत नाही, ती पुण्याला जाणारच होती. यामिनीताईंना आणा म्हणाली." मी तुमचे आभार मानायला फोनही केला होता. तुम्ही बरं, बरं म्हणालात. म्हणून तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तुमचं मन बदललं. काय लिहू सुचेना. म्हणून तानाका-सानचं लिहिलं.

काल तुमची दोन्ही पत्रं पार्थपुढे ठेवली.

"खोटं का बोललास?"

"दोघींपैकी एकीला नाही म्हणायचं होतं. मला जमलं नाही."

"म्हणून दोघींना हो म्हणालास?"

"आईला ताई आहे. तुझ्या आईला कोण आहे?"

"ताईच्या घरातून डिसेंबरात निघावं लागणार, हे माहीत होतं ना तुला?"

तो प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी उचलून खाली गेला. काल प्लास्टिकचा दिवसही नव्हता.

तिचं येणं अजून रद्द करता येतं. मग तुमचा करता येईल, वेळ थोडा आहे पण प्रयत्न करू. तुम्ही म्हणाल तसं करेन. आणि एक कबूल करते. तुम्ही नाहीच म्हणाल असं मला आतून वाटतंय, म्हणूनच विचारायची हिंमत होतेय. हेही तुम्हाला माहीत असू दे.

केतकी


त्सुकुबा,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद.

नाही. घे, म्हटलं. सुटलीस.

यामिनीताई पडल्या हे मला कुणी सांगितलंही नाही. त्यांचं तिकीट रद्द करून मी त्यांच्या अंथरुणावर झोपू? झोप लागेल का मला? आणि तू रोज मला चहा देशील तेव्हा कपात कुणाचा चेहरा बघशील? पोरी, तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. गोड बोलून केसाने गळा कापणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. तू तिखट बोलून वाचवलंस.

डोंगराचं म्हणशील, तर तुला टोचावं म्हणून लिहिलं नव्हतं. कळावं म्हणून लिहिलं होतं. दोन्हीत अंतर थोडं असतं, हे सासूला उशिरा कळतं.

पण गोष्ट मी अर्धीच समजले होते. ओगावा-सानला विचारलं, हा फुजी इतका दुष्ट कसा? त्या म्हणाल्या, दुष्ट कुठला? नव्याच्या रात्री घर बंदच ठेवायचं असे. काही ठिकाणी बायका आत व्रत करत आणि घरचा धनीसुद्धा बाहेर. म्हणजे फुजीने नियम पाळला गं. नियम पाळला त्याला शाप, आणि मोडला त्याला माणसांची जत्रा. देवांचं तसं चालतं. आपल्यात त्सुकुबाने ठरवलं तरी दार उघडता येत नाही. सुचेताला विचार. गेले दोन महिने ती जेवता जेवता कागद वाचते.

तळेगावला म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे. विनायकांची मावशी होती तिथे. जावई स्वतः फोन करून सगळं ठरवतायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. पाच डिसेंबरचं विमान आहे. नयनाच्या वाढदिवसापर्यंत थांब, असं सुचेता म्हणाली. मी म्हटलं, नको. केक कापला की निघायचं, असं त्या पोरीच्या मनात बसायला नको.

तेवीसला मात्र या. तिघंही.

आई


त्सुकुबा,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस. पार्थच्या हाती चिठ्ठी दिलीस, "मला तुमच्यासमोर बसवणार नाही." समजलं. पण काय झालं ते तुला पार्थ सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

त्याने बूट काढले आणि दारातच उभा राहिला. सुचेता म्हणाली, "ये ना, आज काय व्रत आहे का?" तिला मी ती गोष्ट सांगायला नको होती.

"ताई, नियम मी केला का?"

"नियम तू केला नाहीस. जून ते नोव्हेंबर गप्प बसणं, ते कुणी केलं?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? आई विमानात बसल्यावर? खिडकीतून हात करून?"

विनायक म्हणाले, "आधी जेवा." जावयाचं कोण ऐकतं? मीच म्हटलं, "सुचेता, भात निवतोय." तेव्हा बसली. पार्थ माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू तरी बोल काहीतरी. शिव्या दे." मी म्हटलं, "तुला लहानपणी औषध द्यायचं तर नाक दाबावं लागायचं. आता नाक दाबायला हात पोचत नाही." तो हसायला गेला, पण चेहरा साथ देईना. भात दोनदा घेतला. माझ्यासाठी घेतला, भूक नव्हती.

नयनाच्या शाळेत या दिवसासाठी मुलांनी आभाराची कार्डं केली होती. तिने आगीच्या बंबावरच्या काकांना केलं. सुचेताने विचारलं, "आजीसाठी नाही केलं?" तिने जपानीत उत्तर दिलं. मला कळलं, तरी मी कळलं नाही असं दाखवलं. ती म्हणाली, "आजी काम करत नाही. आजी घरी असते."

तिची चूक नाही. मी काम करते आहे असं तिला कधी वाटू दिलं नाही, एवढंच.

शमा माझ्या मांडीवर झोपली. पार्थने तिला उचललं तेव्हा माझ्या लुगड्याचा पदर तिच्या मुठीत होता. तो त्यानेच सोडवला, एकेक बोट करून.

काळजी घे. यामिनीताईंना माझा नमस्कार. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

आई


इचिकावा,
१८ जानेवारी २०२६

ती. आईंस,
सा. न.

पत्र तळेगावच्या पत्त्यावर लिहिताना हात थांबतो.

आई इथे आली, पण रमली नाही. पलंगाच्या कडेला बसते, पाठ टेकत नाही, पाहुण्यासारखी. तुम्ही सांगू नकोस म्हणालात, तरी तिला कळलं. शमाने सांगितलं. "ही आजी नको, ती आजी." आईने मग मला खोदून खोदून विचारलं आणि मी काही लपवू शकले नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी एका म्हातारीला उठवून तिच्या जागेवर बसले?" दोन दिवस जेवली नाही. परत पाठव म्हणते. कुठे पाठवू? मिरजेची जागा भाड्याची होती, ती सोडली.

पार्थ सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला जातो. ताई आमचा फोन घेत नाही. म्हणजे पाहा, तुम्ही सगळ्यांसाठी नाही म्हणालात आणि कुणाचंच काही बरं झालं नाही.

तुम्ही कशा आहात? खरं लिहा. ग्रुपवर 'मजेत' लिहिता तसं नको.

केतकी


तळेगाव,
६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणालीस. बरी नाही. आजारी नाही, पण बरीही नाही. जेवण वेळेवर मिळतं, माणसं सभ्य आहेत. कुणाला उठवायचं नसतं, कुणाचा डबा भरायचा नसतो, हे सकाळी रोज नव्याने कळतं. नयना रविवारी फोनवर दिसते. पहिल्या आठवड्यात मराठीत बोलली. मग जपानीत. मागच्या रविवारी नुसता हात हलवला. सुचेता मागून रागावत होती. मी म्हटलं, रागावू नको, पाणी उताराकडेच जाणार.

पार्थला मी पत्र लिहीत नाही. राग नाही. लिहायला बसलं की औषधाच्या वेळचा पोरगा आठवतो आणि पुढे काही सुचत नाही. तू त्याला सुट्टीच्या दिवशी घरी बसव. एवढं कर.

यामिनीताईंना सांग, जागा माझी नव्हतीच. जागा शमाच्या वयाची होती. त्यात त्या बसल्या काय आणि मी बसले काय. त्यांना म्हणावं पाठ टेका, आडव्या व्हा. जेवढे दिवस आहेत तेवढे त्या पोरीच्या अंगाचा वास घ्या.

कारण मी मोजलं नाही म्हटलं तरी मोजलंच. २०३० च्या एप्रिलात शमा सात वर्षांची होईल. तेव्हा तुमच्या दारातही तोच वकील येऊन वाकेल. हे त्यांना आत्ता सांगू नकोस. नव्याने आलेल्या माणसाला परतीची तारीख सांगू नये.

वेळ आली की मात्र सांग. माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. इथल्या बाईंनी विचारलं, दुसरी कुणाला देऊ? मी म्हटलं, देऊ नका, माझी विहीण यायची आहे. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, चार वर्षांनी. त्या हसल्या, पण नाव लिहून घेतलं. खिडकीकडची खाट आहे. मी तोवर नसले, तर माझं नाव सांगायचं, ते दार उघडतील.

तुझी,
आई